एकाच घरातले सर्व कलाकार

माझे वडील बेंजो वाजवायचे. बेंजो म्हटलं की माझ्या ऑफिसातल्या पुण्याच्या मुलींच्या डोळ्यांसमोर गिटारसारखं काहीतरी गोल येतं. आमच्याकडचा बेंजो म्हणजे लांबट लाकडी पेटी, तिच्यावर तारा आणि तारांवर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्या हातातल्या प्लास्टिकच्या पट्टीने तारा छेडायच्या. पनवेलपासून उरणपर्यंत कुठल्याही आगरी-कोळी घरी हळद असली की मांडवात बेंजो पार्टी यायचीच. मी सांगतेय त्या वर्षांत तरी यायची.

आमची पार्टी घरचीच. बाबा बेंजोवर, काका ढोलकीवर, काकांचा मुलगा कीबोर्डवर, माझा मोठा भाऊ ऑक्टोपॅडवर आणि गायला आई. आई धवलारीण होती. आमच्या लग्नात एकेका विधीला धवला गायचा असतो आणि तो गायला मान्यतेची बाई लागते. धवले संथ असतात. लग्नाचे असून ऐकताना रडू येतं. नवरी पिवळी होऊन पाटावर बसलेली असायची, पोरं नाचायची वाट बघत असायची, आणि आई खाली मान घालून असं काही लावायची की चुलीकडच्या बायका हातातलं काम थांबवायच्या.

बाबा मूळचे भजनातले. गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवायचे, तिथून बेंजोवर आले. म्हणजे घरात एकीकडे धवला होता, दुसरीकडे भजन. तिसरी गोष्ट बंदरातून आली. काका जहाजांवर कंटेनर बांधायच्या कामाला जायचे. तिथे कुठल्याशा खलाशाने त्यांना एक कॅसेट दिली. वर नाव नाही, गाव नाही. एका बाजूला चर्चमधलं गाणं होतं. एक माणूस ओरडून काहीतरी सांगतो आणि बाकीचे टाळ्या वाजवत त्याला उत्तर देतात. दुसऱ्या बाजूला एकटाच माणूस होता, हातात गिटार, आणि तो आपलं दुःख सांगतोय एवढंच कळायचं. काळे लोक असावेत, असं काका म्हणाले.

बाबांनी पहिली बाजू ऐकली आणि म्हणाले, "ह्ये तर आपलंच भजन हाय. टाल घरी विसरलेत, म्हनून टाल्या वाजवतात."

दुसरी बाजू लागली तेव्हा आई भाजी निवडत होती. ती म्हणाली, "आनि ह्यो धवला गातंय. बायको पलाली दिसतंय ह्याची."

बाबांनी ती कॅसेट झिजवली. त्या गिटारवाल्याचा सूर जिथे वाकतो तिथे बेंजो वाकवायचा कसा, यावर त्यांनी एक अख्खा पावसाळा घातला. बेंजोचं बटण दाबलं की सूर ठरलेला. त्यांनी युक्ती काढली. बटण दाबलेलं ठेवायचं आणि करंगळीने खुंटीकडची तार किंचित रेटायची. सूर रडल्यासारखा वर चढायचा. मग आमची हळद अशी सुरू व्हायला लागली की आधी आईचा धवला, त्याखाली बाबांची वाकवलेली तार, मग हळूहळू टाळ्या, टाळ्यांतून भजनाची चाल, आणि तिथून उडी मारून कोळीगीत. लोक नाचायला उठायचे तेव्हा त्यांचे डोळे ओले असायचे. 'टाळ्यांची पार्टी' असं आम्हाला नाव पडलं, आणि बाबांना लोक मास्तर म्हणायला लागले.

दोन हजारनंतरची पहिली काही वर्षं बरी गेली. जमिनी गेल्या, प्लॉट आले आणि हळदी मोठ्या झाल्या. अंगणातला मांडव मैदानात गेला, स्टेज आलं, स्टेजवर दिवे आले. बाबांनी सगळ्यांना एकसारखे निळे शर्ट शिवले. आईला निळी साडी. टेम्पोच्या मागे पार्टीचं नाव रंगवून घेतलं.

मी पार्टीत नव्हते. वाजवायला मात्र येत होतं. बाबा दुपारी ओटीवर सरावाला बसायचे तेव्हा मी समोर बसायची, आणि त्यांना डुलकी लागली की बेंजो पुढे ओढायची. एकदा डोळे न उघडताच ते म्हणाले, "करंगली रेट. अजून. घाबरते कशाला, तार तुटली तर नवीन लावू." त्या दिवसापासून त्यांनी मला नीट शिकवलं. दादापेक्षा माझा हात चांगला होता. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. दादाही तेच सांगेल.

स्टेजवर न्यायचा विषय निघाला तेव्हा काका म्हणाले, "बायमानूस धवला गातंय, ते ठीक हाय. बेंजोवर बसलं तर लोकं नाचतील का तिला बघत बसतील?"

बाबा माझ्याकडे वळले. मला म्हणाले, "तू कालेज कर."

मी कॉलेज केलं. आमच्या घरात, बाबांच्या बाजूने आणि आईच्याही, पदवी घेतलेली मी पहिली. बी.कॉम., पहिल्या प्रयत्नात, दुसरा वर्ग. बाबांनी सर्टिफिकेटला काच लावून ते स्पीकर ठेवायच्या खोलीत टांगलं, कारण घरात यायच्या आधी पाहुणे ती खोली बघायचे. पदवीधर झाल्यावर पार्टीचं मला पहिलं काम मिळालं, व्हिजिटिंग कार्डाचा मजकूर लिहायचं. मी लिहिलं, 'धवले, भजन व कोळीगीतांचा अनोखा संगम.' खाली अजून एक ओळ बसत होती. बाबांना कायम अभिमान होता की इतर पार्ट्यांसारखे आपण बाहेरचे वादक घेत नाही. म्हणून मी लिहिलं, 'एकाच घरातले सर्व कलाकार.' बाबांना ती ओळ इतकी आवडली की त्यांनी ती टेम्पोवरही रंगवून घेतली. त्या ओळीत काय चुकलंय हे तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही, आणि घरात शिकलेली मी होते.

पुढे माझं लग्न झालं. मुलगा आमच्यातलाच, करंजाड्याला फ्लॅट. मला जासईला एका कंटेनर यार्डाच्या ऑफिसात नोकरी लागली. दिवसभर कंटेनरचे नंबर कॉम्प्युटरवर चढवायचे. बाबा सगळ्यांना सांगायचे, "माझी पोर बी बटनंच दाबतंय. पन एसीत."

आता सुपारीचं सांगायला हवं. हळद ठरली की घरचा माणूस आमच्याकडे यायचा, ओटीवर पानावर सुपारी आणि नारळ ठेवायचा. बाबांनी ती सुपारी उचलली की तारीख बांधली गेली. कागद नाही, सही नाही. बाबांनी उचललेली सुपारी कधी परत केली नाही. तापात वाजवलं. माझ्या साखरपुड्याच्या संध्याकाळीही त्यांनी वाजवलं, पाहुण्यांना जेवायला बसवून ते टेम्पोत चढले. लोकांना हे माहीत होतं. म्हणून लोक यायचे.

बाबा वैशाखात गेले, मोसमाच्या मध्यात. सकाळी दाढी करताना छातीत दुखलं म्हणाले आणि मोरीजवळच बसले. मी ऑफिसात होते. दादाचा फोन आला तेव्हा माझ्या स्क्रीनवर अर्धा टाइप केलेला कंटेनर नंबर होता. मी तो पूर्ण केला, सेव्ह केला आणि उठले. हे नंतर मला कितीतरी वेळा आठवलं. बाबांचा चेहरा तितका आठवत नाही.

घरी गेले, सगळं झालं तसं झालं. बायका रडत होत्या. मला रडू येईना. कोणीतरी म्हणालं, हिला रडवा, नाहीतर छातीत बसेल. एका मावशीने मला गदागदा हलवलं. मी हलले, एवढंच.

घराला सुतक लागलं. तेराव्यापर्यंत शुभकार्यात पाय ठेवायचा नाही, हळदीच्या मांडवात तर नाहीच. बाकीच्या पार्ट्यांत एकाच्या घरी कोणी गेलं तर त्याच्या जागी दुसरा बसतो आणि पार्टी चालू राहते. आमच्या पार्टीत सगळे एकाच घरातले. बाबा एकटे गेले आणि ढोलकी, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, आईचा गळा, सगळं एकदम गप्प झालं. टेम्पो अंगणात उभा होता आणि त्याच्यावर माझी ओळ होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी जासईवाले आले. त्यांच्या मुलीची हळद दोन दिवसांवर होती आणि तिची सुपारी बाबांनी माघात उचलली होती. ते ओटीवर बसले. सुतकाच्या घरचं पाणी घेत नाहीत, म्हणून कोणी पाणीही विचारलं नाही. बराच वेळ बाबांबद्दल बोलणं झालं. मग जासईवाले खाली बघत म्हणाले, "आमी ह्या कामासाठी आलो नाय. पन आमची म्हातारी ऐकत नाय. माज्या लग्नाला मास्तरांनी वाजवलं, तेवा बेंजोला पिकअप, माईक काय बी नव्हतं. ती बोलतंय, नातीला बी त्यांचाच बेंजो पायजे."

काका म्हणाले, "आमच्यातला एक बी मांडवात येऊ शकत नाय. दुसरी पार्टी बघा. आमी राग नाय मानणार."

"वैशाखात दुसरी पार्टी कुठं मिलतंय, दादा? डीजेवाला हाय फकत. पिंपभर आवाज."

दादा गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. आतल्या दारात आई भिंतीला टेकून बसली होती. तीन दिवसांत ती कोणाशी बोलली नव्हती. ती म्हणाली, "बाय हाय ना."

काकांनी मागे बघितलं. "कोन बाय?"

"आपली. तिला आज तिसरा. उद्या आंगोल केली का मोकली ती."

घरात बाय म्हणजे मी. लग्न होऊन गेलेल्या मुलीचं कूळ बदलतं. तिला आईबापाचं सुतक तीन दिवस, बाकी माहेरच्या कोणाचंही असलं तर नुसती आंघोळ. मला हे माहीत होतं. पण ते माझ्याबद्दल आहे असं कधी मनात आलं नव्हतं.

काका म्हणाले, "वैनी, लोकं काय बोलतील?"

"काय बोलतील? ती करंजाड्याची सून. आपली कोन लागतंय?"

आईने हे दुखवायला म्हटलं नव्हतं. कुठला सूर कुठे लावायचा हे सांगायची तिची जी पद्धत होती, तसंच ती बोलली. जासईवाल्यांनी माझ्याकडे बघितलं. "वाजवशील, बाय?"

दहा वर्षं मी त्या प्रश्नाची वाट बघत होते. मी म्हटलं, "हो." छातीत काही हललं नाही.

करंजाड्याला नवऱ्याने विचारलं, "जमेल का तुला?"

मी म्हटलं, "बटणंच तर दाबायचीत."

चौथ्या दिवशी डोक्यावरून आंघोळ केली. पाचव्या दिवशी बाबांचा बेंजो घेऊन जासईला गेले. काकांनी ओळखीतले दोन वादक उरणहून मिळवले होते, एक ढोलकीला, एक ऑक्टोपॅडला. दोघे बाबांना ओळखत होते. त्यांनी मला नमस्कार केला आणि मग त्यातला ढोलकीवाला दुसऱ्याला म्हणाला, "आपन हिच्या मागनं जायचं. चुकली तरी मागनंच." मी ऐकलं. चांगलंच वाटायला हवं होतं.

मांडवात म्हातारी आली, काठी टेकत. तिने बेंजोवर हात फिरवला, माझ्यावर नाही. धवला गायला त्यांच्या गावची धवलारीण होती, वयस्कर, आवाज फुटका. तिने सुरुवात केली आणि मी खाली तार धरली. करंगळी आपोआप गेली. तार वाकली. समोरच्या बायकांतल्या दोघी पदर तोंडाला लावून बाजूला गेल्या. मी बघत होते. दुसऱ्या कोणाच्या हळदीची सीडी बघावी तसं. बोटं चालत होती, टाळ्या आल्या, टाळ्यांवरून भजन आलं, भजनातून कोळीगीत. कुठे काही चुकलं नाही. मी मोजत होते तसं सगळं जागच्या जागी येत होतं.

नाच सुरू झाला. एक गृहस्थ पिऊन अगदी स्टेजला चिकटले. "ओ मास्तरीनबाय! वाकवा ना जरा! बापूस वाकवायचा तशी वाकवा!"

मी वाकवली.

"अजून!"

अजून वाकवली. तो माणूस स्टेजच्या फळीवर डोकं टेकून हुंदके देऊन रडायला लागला. बाबांशी त्याचं काय होतं मला माहीत नाही. त्याच्या शर्टाचं वरचं बटण चुकीच्या काजात होतं, मी तेवढं बघत राहिले आणि अंतरा संपेपर्यंत वाजवलं.

शेवटी मानाची वेळ आली. मास्तराला टॉवेल, टोपी आणि नारळ देतात. जासईवाले टोपी हातात घेऊन उभे राहिले. बाईला टोपी कशी घालायची? त्यांची बायको म्हणाली खण द्या, ओटी भरा. जासईवाल्यांचा भाऊ म्हणाला, ओटी पाहुणीची, ही वाजवायला आलीये. सगळे माझ्यासमोरच भांडत होते, मी नसल्यासारखे. म्हातारी ओरडली, "दोन्ही द्या गो! दोन हातांनी वाजवला ना तिने?" सगळे हसले. मीही हसले असेन.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बेंजो परत द्यायला माहेरी गेले. ओटीवर ठेवला. आई आतून म्हणाली, "तार तुटली?"

"नाय."

"जेवलीस?"

"जेवले."

"काय होतं?"

"मटन-वडे."

दादाच्या पुढ्यात सुतकाचा बिनमिठाचा भात होता, तो माझ्याकडे बघत होता. "खाल्लंस?" आईने विचारलं.

"खाल्लं."

"बरं केलंस. तुला चालतंय."

बाबांचं तेरावं झालं. सगळ्यांनी आंघोळी केल्या, वाद्यांना हळदकुंकू लावलं. दादा बेंजोवर बसला आणि काकांच्या मुलाने ऑक्टोपॅडही सांभाळला. सरळ वाजवायला दादा बरा आहे. तार वाकवणं त्याला जमत नाही, ती गोष्ट कीबोर्डवर एका बटणाने करायला लागले. मला वाटलं, बोलावतील. निळा शर्ट नाही, पण आईसारखी निळी साडी मी घेऊनही ठेवली होती. पुढचा मोसम आला, गेला. गणपतीला माहेरी गेले तेव्हा मी सरळच विचारलं. मला आडून बोलता येत नाही.

दादा म्हणाला, "तेवा अडचण होती गो. आता आमी सगले मोकले हाव."

आई वाती वळत होती. तिने वर बघितलं नाही.

त्यानंतर तीन वर्षांनी काका गेले. तेव्हाही मोसम होता. आमच्याकडची माणसं मोसमात का मरतात कोण जाणे. संध्याकाळी पुरुष अग्नी देऊन आले आणि दादाने मला बाजूला घेतलं. "परवा द्रोणागिरीला हाय. तुला नुसती आंगोल."

काकांनी मला कडेवर घेऊन जत्रा दाखवली होती. कॅसेट त्यांनीच आणली होती. मी आंघोळ केली आणि परवा वाजवलं. हॉल मोठा होता, एसी होता, लोक मोबाइल वर धरून शूटिंग करत होते. मी स्टेजवर चढले तेव्हा पुढच्या खुर्चीवरची एक बाई शेजारणीला म्हणाली, "अगं, ही आलीये. आता कोण गेलं त्यांच्यात?"

ते खरंच होतं. मी बेंजोवर दिसले म्हणजे मास्तरांच्या घरी कोणीतरी गेलेलं असणार. मधल्या काळात एक चुलत आजी गेली, तेव्हाही मीच होते. लोकांना माझं वाजवणं आवडायचं. मोबाइलवर एकमेकांना क्लिप पाठवायचे. एकाने तर आईला विचारलं होतं, मुलीलाच कायम का नाही बसवत? आई म्हणाली, "ती शिकलेली हाय. तिला नोकरी हाय."

मग आई गेली. सहा महिने आजारी होती, धवले बंद होऊन वर्ष झालं होतं. पार्टीत तोवर दादा, काकांचा मुलगा आणि गाण्यासाठी दादाची बायको एवढेच उरले होते. हळदी निम्म्यावर आल्या होत्या, उरलेल्या ठिकाणी डीजे. आई गेली त्या आठवड्यात एकच सुपारी होती, करंजाड्याच्या हॉलमधली, माझ्या घरापासून पाच मिनिटांवर.

तिसऱ्या दिवशी दुपारी दादा ओटीवर माझ्याजवळ येऊन बसला. बेंजो त्याने आधीच आणून भिंतीला उभा केला होता. म्हणाला, "उद्या आंगोल कर. परवा हाय. लांब बी नाय."

मी म्हटलं, "मी नाय जानार."

"बरं नाय का?"

"बरं हाय. मी बसनारे. तेराव्यापर्यंत."

त्याला कळलंच नाही. "कुठं बसनार?"

"इथं. तुज्या बाजूला. सुतकात."

"तुला नाय लागत गो ते."

"माहीत हाय."

"मग?"

"मग काय? नाय लागत, तरी बसनारे."

दादाने डोक्यावरचा रुमाल काढला, परत बांधला. "बाबांनी आयुष्यात एक सुपारी परत केली नाय."

"माहीत हाय."

"आईनेच तुला तेवा पाठवलेलं."

"तेवा गेले ना? सांगितलं तसं गेले. मटन बी खाल्लं."

शेजारची एक काकू ऐकत होती. ती मध्ये पडली. "अगं, पण सासरी काय म्हणतील? तुझ्या सासऱ्यांच्या घरात कशाला माहेरचं सुतक?" माझा नवरा अंगणात उभा होता. त्याने तिथूनच म्हटलं, "बसू दे तिला." तेवढंच म्हणाला आणि गाडी काढून घरी गेला, मला तेराव्यापर्यंतचे कपडे आणायला.

दादा माझ्यावर ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं. शेवटी तो उठला, आतून सुपारी आणली, रुमालात बांधली आणि एकटाच करंजाड्याला गेला. सुतकातला माणूस दारात आला म्हणून त्या लोकांनी त्याला बाहेर रस्त्यावरच उभं केलं. तिथे त्याने सुपारी परत दिली. हे त्याने मला सांगितलं नाही, काकांच्या मुलाने सांगितलं.

आमची पार्टी माझ्यामुळे बंद पडली, असं आमच्या भावकीत अजून बोलतात. मास्तरांची पोरगी शिकली आणि सुपारी परत गेली. मी वाद घालत नाही. डीजेने पार्टी बंद पडलीच असती, एखादं वर्ष पुढेमागे. पण ती सुपारी माझ्यामुळे परत गेली हे खरं आहे, आणि माझ्या वडिलांच्या नावाला तेवढा डाग आहे. तो मी लावला.

चौथ्या दिवशी सकाळी मी डोक्यावरून आंघोळ केली नाही. नेहमीसारखं तोंड धुतलं आणि भिंतीला जाऊन बसले. काही वाटेल अशी मी वाट बघत होते. रडू येईल, किंवा हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. पाय मुंग्या येऊन बधिर झाले तेवढे हलवले.

दुपारी दादाची बायको सुतकातल्यांची पानं मांडायला लागली. आमच्यात सुतकातली माणसं वेगळ्या ओळीत जेवतात, बिनमिठाचं. पाहुण्यांसाठी शेजारून जेवण यायचं, ते वेगळं. पत्रावळी मोजत ती माझ्यापाशी आली आणि थांबली. मला न विचारता तिने ओळीच्या टोकाला बसलेल्या दादाला विचारलं, "ताईंना आज बी धरायचं का?"

दादाने भिंतीवरून नजर काढली. माझ्याकडे बघितलं नाही. "धर," म्हणाला.

तिने माझ्यापुढे पत्रावळ टाकली आणि भात वाढला. भात गरम होता. मी जेवले.